कैरो–जोहॅनिसबर्ग हवाई मार्ग

कैरो–जोहॅनिसबर्ग हवाई मार्ग : आफ्रिका खंडाच्या ईशान्य कोपऱ्यातील कैरो (ईजिप्त) आणि दक्षिण भागातील जोहॅनिसबर्ग (दक्षिण आफ्रिका) या दोन महानगरांना जोडणारा विमानमार्ग. दोन्ही विमानतळांमधील भूपृष्ठावरील लघुतम अंतर सु. ६,२३५ किमी. (सु. ३,३६५ सागरी मैल) असून कोठेही न थांबता जाणाऱ्या जेट विमानाला या प्रवासास सु. ८ तास लागतात. ही दोन्ही शहरे एकाच खंडात असली, तरी हे अंतर किती मोठे आहे याची कल्पना पुढील तुलनेवरून येईल : कैरोहून मुंबई सु. ४,३४० किमी. व लंडन सु. ३,५०० किमी. दूर आहे, म्हणजे कैरोच्या दृष्टीने ही दोन्ही परखंडातील शहरे जोहॅनिसबर्गपेक्षा पुष्कळच जवळची ठरतात. दोन शहरांमधील अंतर पृथ्वीच्या आकारावरून एकदाच ठरते आणि पुढे बदलत नाही. प्रवासाचा काल मात्र विमानाची शक्ती, विमानतळाची उंची, मार्गावरील वादळे आणि खालील भूमीवर राज्य करणाऱ्यांची अनुमती अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असतो. यांपैकी शेवटच्या गोष्टीचा परिणाम इतर सर्वांहून मोठा होऊ शकतो, हे या मार्गाच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसते.

अंतर : गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग, त्या बिंदूंमधून जाणाऱ्या व गोलाच्या मध्याशी केंद्र असलेल्या वर्तुळाचा लहान कंस हा असतो. अशा वर्तुळाला बृहद्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्‌वृत्त असून प्रत्येक रेखावृत्त हा बृहद्‌वृत्ताचा अर्धा भाग असतो. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा व बृहद्‌वृत्ताचा कंस हे सामान्यतः एकरूप नसतात. पूर्व-पश्चिम दिशेच्या लांब प्रवासात तर दोहोंत मोठी तफावत पडते. कैरो व जोहॅनिसबर्ग यांच्या बाबतीत ही तफावत जवळजवळ नाहीशी होते. कैरोचा विमानतळ ३०° ७' उ. व ३१° २४' पू., तर जोहॅनिसबर्गचा २६° ८' द. व २८° १५' पू. असा आहे. दोहोंच्या रेखांशांत जेमतेम ३° चा फरक असल्यामुळे मार्ग जवळजवळ रेखावृत्तालाच धरून, विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जातो.

पृथ्वी पूर्ण गोल आहे असे धरून त्रिकोणमितीच्या साहाय्याने अंतर काढल्यास ते सु. ६,२६५ किमी. येते, ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे हे लक्षात घेतल्यास ६,२३५ किमी. येते. विषुववृत्ताजवळ अक्षांशाच्या एका अंशाची लांबी सु. ११०·६ किमी. व ध्रुवाजवळ सु. १११·७ किमी. असते. प्रस्तुत मार्ग संपूर्णपणे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या ३०° च्या पट्ट्यातच असल्यामुळे ही ३० किमी.ची घट पदरात पडते. निरनिराळ्या पुस्तकांत या अंतराचे निरनिराळे आकडे आढळतात, त्याचे एक कारण हे होय. दुसरे कारण म्हणजे काही ठिकाणी विमानतळाऐवजी नगराचा मध्यबिंदू धरलेला असतो.

मार्गाखालील प्रदेश : हा कंस भूपृष्ठावर आखून पाहिला, तर तो नाईल नदीच्या पश्चिमेकडील वाळवंटावरून सूदानात उतरतो व डोंगोला आणि कॉर्डोफान प्रदेशातील एल् ओबेद या गावांच्या जवळून जातो. खार्टूम त्याच्या पूर्वेस सु. २०० किमी. राहते. पुढे दक्षिण सूदान व काँगो लोकसत्ताक प्रजासत्ताकाचा ईशान्य भाग ओलांडून तो विषुववृत्तानजीक एडवर्ड सरोवरावर येतो. त्यानंतर रूआंडा व बुरुंडी या छोट्या देशांचा पश्चिम भाग, टांगानिका सरोवराचा उत्तरार्ध, काँगोतील कटांगा, झँबिया, झँबीझी नदीवरील करिबा धरणाचा परिसर आणि झिंबाब्वेतील बूलावायो शहर असे टप्पे घेत तो लिंपोपो नदीपार दक्षिण आफ्रिकेत शिरतो. मार्गाच्या पूर्वार्धात वाळवंट, मध्यभागी विषुववृत्तीय अरण्य व खचदरीतील सरोवरे आणि उत्तरार्धात उंच पठार, असा हा क्रम आहे. एवढ्या अंतरात दहा देशांची सरहद्द ओलांडली जाते. हा तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

उड्डाणकाल : जेट विमाने ११ ते १२ किमी. उंचीवरून ताशी सु. ८७० किमी. वेगाने उडतात. या वेगाने ६,२३५ किमी. अंतर ७ तास १० मिनिटांत कापले जावयास हवे. वेळापत्रकात मात्र सु. ८ तास दाखविलेले असतात. वर चढताना व खाली उतरताना विमानाचा वेग कमी असतो. त्यात १० ते १२ मिनिटे जातात. नियंत्रण केंद्रांनी आखलेल्या मार्गाचे टप्पे लघुतम कंसाशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष अंतर शेकडा दोन-तीनने वाढते व आणखी तितकाच वेळ लागतो. शिवाय वेळापत्रकातील काल चाके धावपट्टी सोडतात तेव्हापासून मोजलेला नसतो. विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलते, त्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन स्थिर होईपर्यंतचा तो काल असतो. दोन्ही टोकांस जमिनीवर होणाऱ्या या संथ प्रवासात वीस-पंचवीस मिनिटे सहज मोडतात. प्रवाशांना पुष्कळदा ‘विमान वेळेआधी पोहोचले’ असा अनुभव येतो, त्यामागे या तरतुदीचा वाटा मोठा असतो.

या मार्गाचे एक वैशिष्ट्य असे की, दोन्ही शहरांची प्रमाणवेळ ग्रिनिच वेळेच्या दोन तास पुढे आहे. २०२३ पासून ईजिप्तने उन्हाळी वेळ पुन्हा सुरू केल्यामुळे उन्हाळ्यात कैरोचे घड्याळ एक तास पुढे असते, इतकाच काय तो भेद. पूर्व-पश्चिम दिशेच्या लांब प्रवासानंतर झोपेचे व भुकेचे जे वेळापत्रक बिघडते, ते येथे बिघडत नाही. ऋतू मात्र उलटतो : जानेवारीत कैरोच्या हिवाळ्यातून निघालेला प्रवासी सकाळी जोहॅनिसबर्गच्या उन्हाळ्यात उतरतो.

वाऱ्यांचा परिणाम : विमानाचा हवेतील वेग तोच राहिला, तरी वाऱ्यामुळे त्याचा जमिनीवरील वेग बदलतो. ताशी १५० किमी. वेगाचा वारा समोरून आल्यास ८७० किमी. वेगाच्या विमानाचा भूसापेक्ष वेग ७२० किमी.वर येतो; तोच वारा पाठीशी असल्यास १,०२० किमी.पर्यंत वाढतो. म्हणूनच पूर्व-पश्चिम मार्गांवर जाण्यास व येण्यास लागणाऱ्या वेळांत बराच फरक पडतो. हिवाळ्यात ईजिप्तवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उपोष्ण कटिबंधीय झोतवारा बराच प्रबळ असतो [→ झोतवारा]. परंतु उत्तर-दक्षिण जाणाऱ्या विमानाला तो आडवा येतो. आडव्या वाऱ्यात विमानाला आपले नाक थोडे वाऱ्याच्या दिशेने वळवून ठेवावे लागते. ताशी १५० किमी.चा आडवा वारा असला, तरी भूसापेक्ष वेग ८५७ किमी.च्या आसपास राहतो. म्हणजे हानी केवळ १३ किमी.ची होते व ती जाताना-येताना सारखीच असते. त्यामुळे कैरोहून जोहॅनिसबर्गला जाण्यास व परत येण्यास जवळजवळ समान वेळ लागतो. याउलट, लेगॉस–नैरोबी या सु. ३,८३० किमी. लांबीच्या पूर्वगामी मार्गावर वाऱ्याचा हिशेब अधिक काळजीने करावा लागतो.

जोहॅनिसबर्गची उंची : कैरोचा विमानतळ समुद्रसपाटीपासून अवघ्या ११६ मी. उंचीवर आहे, जोहॅनिसबर्गचा १,६९४ मी. उंचीवर आहे. (नैरोबी सु. १,६२० मी. व अदिस अबाबा सु. २,३३० मी.; आफ्रिकेच्या पूर्वार्धातील मोठे विमानतळ बहुधा पठारावर आहेत.) एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सु. १५ टक्क्यांनी कमी असते आणि उन्हाळ्यातील दुपारी ती आणखी घटते. पंखांना मिळणारी उत्थापक प्रेरणा हवेच्या घनतेवर व वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. तेव्हा विरळ हवेत जमीन सोडण्यासाठी विमानाला ८ ते ९ टक्के अधिक वेग गाठावा लागतो. आणि नेमकी त्याच वेळी विरळ हवेमुळे एंजिनांची शक्तीही उणावलेली असते. परिणामी धावपट्टी लांब लागते. जोहॅनिसबर्गच्या मोठ्या धावपट्टीची लांबी सु. ४,४०० मी. ठेवण्यामागे हेच कारण आहे. धावपट्टी अपुरी पडली, तर वैमानिकापुढे एकच उपाय उरतो. तो म्हणजे भार कमी करणे. इंधन कमी केले, तर पल्ला कमी होतो. माल वा प्रवासी कमी केले, तर उत्पन्न घटते. कैरोहून पूर्ण भाराने उडणारे विमान परतीच्या प्रवासात तेवढाच भार घेऊन उडेलच, असे सांगता येत नाही. लांबच्या पल्ल्याची पुष्कळ विमाने जोहॅनिसबर्गहून संध्याकाळनंतर सुटतात, त्यास वेळापत्रकाची सोय जशी कारणीभूत आहे, तशीच थंड व त्यामुळे अधिक घन अशी रात्रीची हवाही आहे.

विषुववृत्तीय वादळे : मार्गाचा मध्यभाग, दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे जेथे एकत्र येतात त्या पट्ट्यातून जातो. हा पट्टा सूर्याबरोबर उत्तर-दक्षिण सरकत असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सूदानवर, तर जानेवारीत झँबिया व दक्षिण काँगोवर त्याची गाठ पडते. येथील गर्जन्मेघ १५ किमी.पेक्षाही उंच वाढतात, कारण उष्ण कटिबंधात क्षोभसीमाच १६-१७ किमी. उंचीवर असते. ११-१२ किमी.वरून जाणारे विमान त्यांना वरून ओलांडू शकत नाही. त्यांना वळसा घालणे भाग असते व अशा वळशापायी मार्ग दहा-वीस किंवा कधी शंभर किमी.ही बाजूला जातो. काँगोचे खोरे हे पृथ्वीवरील सर्वाधिक विजा पडणाऱ्या प्रदेशांपैकी एक आहे. विमानाच्या नाकात बसविलेल्या रडारावर पुढील मेघ दिसतात. परंतु मार्गातून बाजूला झालेले विमान भोवतालच्या इतर विमानांना दिसले पाहिजे, हा प्रश्न उरतोच. आफ्रिकेच्या मोठ्या भागावर जमिनीवरील रडारांचे जाळे दीर्घकाळ विरळ राहिले. म्हणून येथे १२६·९ मेगॅहर्ट्‌झ या ठरावीक कंप्रतेवर वैमानिक आपले स्थान, उंची व दिशा परस्परांसाठी स्वतःच घोषित करीत जातात. नियंत्रकाच्या सूचनांशिवाय एकमेकांच्या भरवशावर चालणारी ही पद्धती जगाच्या इतर भागांतील वैमानिकांना प्रथम चमत्कारिक वाटली, तरी तिने अनेक प्रसंगी मोलाचे काम केलेले आहे. जोहॅनिसबर्गला पोहोचतानाही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दुपारनंतर गारांसह गडगडाटी वादळे होतात. सकाळी उतरणारी विमाने त्यांतून सुटतात.

इतिहास : केपटाउनपासून कैरोपर्यंत लोहमार्ग टाकण्याची सेसिल ऱ्होड्सची योजना कधीच पुरी झाली नाही. रुळांनी जे साधले नाही, ते विमानाने साधावे, असा विचार पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी केला. १९१९ मध्ये पहाणी पथके पाठवून झाडे तोडून व वारुळे खणून काढून मार्गावर उतरण्याच्या जागा तयार करण्यात आल्या. हे कष्टाचे काम स्थानिक आफ्रिकी मजुरांनी केले. ४ फेब्रुवारी १९२० रोजी पिएर व्हान रेनेव्हेल्ड व क्विंटिन ब्रँड हे वैमानिक व्हिकर्स व्हिमी जातीच्या ‘सिल्व्हर क्वीन’ या विमानातून इंग्‍लंडहून निघाले. ते विमान दक्षिण ईजिप्तमध्ये कोरोस्को येथे मोडले. कैरोत मिळालेले दुसरे विमान बूलावायो येथून उड्डाण करतानाच कोसळले; बूलावायो समुद्रसपाटीपासून सु. १,३५० मी. उंचीवर आहे, हे येथे लक्षात घ्यावे. तिसऱ्या विमानाने ते २० मार्च रोजी केपटाउनला पोहोचले. इंग्‍लंड ते केपटाउन या प्रवासात त्यांचे प्रत्यक्ष उड्डाण १०९ तास ३० मिनिटे झाले होते. दिवस मात्र ४५ लागले. १९२५-२६ मध्ये ॲलन कॉबम याने याच मार्गाने जाऊन परत येऊन नियमित सेवेच्या दृष्टीने त्याची पहाणी केली.

इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने १९३१ मध्ये मध्य आफ्रिकेपर्यंत व जानेवारी १९३२ मध्ये केपटाउनपर्यंत टपालसेवा सुरू केली. त्याच वर्षी एप्रिलपासून प्रवासी घेण्यास आरंभ झाला. कैरोहून खार्टूमपर्यंत जमिनीवरील विमान, पुढे व्हिक्टोरिया सरोवरावरील किसूमूपर्यंत नाईलच्या पाण्यावर उतरणारे सागरी विमान, तेथून पुन्हा जमिनीवरील विमान, असा हा प्रवास होता. जोहॅनिसबर्गजवळील जर्मिस्टन येथे एक थांबा होता. विमाने ताशी २०० किमी.पेक्षाही कमी वेगाने व फक्त दिवसा उडत आणि रात्री प्रवासी विश्रांतिगृहात मुक्काम करीत. लंडन ते केपटाउन हा प्रवास सु. अकरा दिवसांचा होता. या दिरंगाईतही एक सोय होती : मार्गावरील जवळजवळ सर्व प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात वा प्रभावाखाली असल्यामुळे कोणाची अनुमती मागण्याचा प्रश्न उद्‌भवत नव्हता. ही ‘अडथळाविरहित’ आकाशवाट साम्राज्यामुळेच निर्माण झालेली होती, आणि साम्राज्याबरोबरच ती संपणार होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर नोव्हेंबर १९४५ मध्ये लंडन–जोहॅनिसबर्ग सेवा कैरो, खार्टूम व नैरोबी या मार्गे पुन्हा सुरू झाली. २ मे १९५२ रोजी जगातील पहिली प्रवासी जेट विमानसेवा याच दिशेने सुरू झाली. डी हॅव्हिलंड कॉमेट जातीचे विमान लंडनहून निघून रोम, बेरूत, खार्टूम, एंटेबी व लिव्हिंग्स्टन येथे थांबत चोवीस तासांच्या आत जोहॅनिसबर्गला पोहोचले. अकरा दिवसांचे एका दिवसावर आलेले हे अंतर पाहून सर्वत्र आश्चर्य व्यक्त झाले. परंतु या घाईची किंमतही लवकरच मोजावी लागली. हे उद्‌घाटनाचे विमानच १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ८ एप्रिल १९५४ रोजी जोहॅनिसबर्गसाठी निघालेले दुसरे कॉमेट रोमहून कैरोकडे जात असता इटलीच्या किनाऱ्याजवळ भंगले व त्यातील सर्व २१ जण मृत्युमुखी पडले. फार्नबरो येथे संपूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवून केलेल्या परीक्षणांत असे आढळले की, उड्डाणागणिक आतील हवेच्या दाबामुळे ताणल्या व सैल पडणाऱ्या कवचाला धातुश्रांतीमुळे तडे जात होते. त्यानंतर बांधलेल्या सर्वच जेट विमानांची रचना या शोधाने बदलली.

आकाशाची मालकी : ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमाने, प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व असल्याचे मान्य केले. दुसऱ्या देशाची नियमित विमानसेवा आपल्या आकाशातून जाऊ द्यावयाची किंवा नाही, हे त्या त्या राष्ट्राने ठरवावयाचे असते. १९६० च्या सुमारास आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र झाले आणि हा अधिकार प्रथमच त्यांच्या हाती आला. मे १९६३ मध्ये अदिस अबाबा येथे भरलेल्या स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांच्या शिखर परिषदेने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना आपल्या आकाशातून जाऊ देऊ नये, असे आवाहन केले व त्याच वर्षी ऑगस्टपासून साउथ आफ्रिकन एअरवेज या कंपनीला आफ्रिकेच्या मोठ्या भागावरून उडणे बंद झाले. यूरोपकडे जाणारी तिची विमाने तेव्हापासून खंडाच्या पश्चिम फुगवट्याला समुद्रावरून वळसा घालून जाऊ लागली. पुढे केप व्हर्द द्वीपसमूहातील साल हे बेट त्यांचे नेहमीचे थांबण्याचे ठिकाण बनले. जोहॅनिसबर्ग–लंडन हे लघुतम अंतर सु. ९,०७० किमी. आहे, सालमार्गे ते किमान २,५०० किमी.नी वाढते, म्हणजे सु. तीन तासांची भर पडते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बंदी दक्षिण आफ्रिकेच्या ध्वजावर होती. ब्रिटिश व इतर यूरोपीय कंपन्यांची विमाने नैरोबीसारख्या ठिकाणी थांबून जोहॅनिसबर्गला सरळ मार्गाने जात राहिली. एकाच दोन शहरांमधील अंतर विमानाच्या शेपटीवरील चिन्हानुसार बदलावे, असा हा प्रकार होता. न थांबता वळसा पुरा करता यावा, म्हणून त्या कंपनीने बोइंग ७४७ विमानाचा आखूड पण दीर्घ पल्ल्याचा एक प्रकार घेतला. मार्च १९७६ मध्ये त्यांपैकी एका विमानाने अमेरिकेतील कारखान्यापासून केपटाउनपर्यंतचे सु. १६,५६० किमी. अंतर एकाच उड्डाणात कापले. या तांत्रिक यशामागे राजकीय एकाकीपणाची गरज होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १९९० नंतर वर्णभेदी राजवट विसर्जित होऊ लागली, तशी ही आकाशे पुन्हा खुली झाली व कैरोहून जोहॅनिसबर्गला थेट जाणे शक्य झाले.

एप्रिल २०२३ मध्ये सूदानमध्ये दोन सैनिकी दलांत युद्ध पेटले आणि याच मार्गावर पुन्हा संकट आले. १५ एप्रिल रोजी खार्टूमच्या विमानतळावरच लढाई सुरू झाली व सूदानचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. दक्षिण सूदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला असला, तरी त्याच्या आकाशाच्या वरच्या थरातील वाहतुकीचे नियंत्रण त्या वेळीही खार्टूमहूनच होत होते. म्हणून तोही थर बंद ठेवावा लागला. कैरोहून दक्षिणेकडे जाणारा लघुतम कंस जवळजवळ १,३०० किमी. सूदानवरून जातो. त्याला बगल देण्याचे दोनच मार्ग आहेत. पूर्वेकडून तांबडा समुद्र व इथिओपिया या मार्गाने गेल्यास अंतर किमान सु. ३५० किमी.नी वाढते. पश्चिमेकडून चाडमार्गे गेल्यास वाढ सु. २५० किमी.ची होते, परंतु ईजिप्त व चाड यांच्या सीमा एकमेकींस भिडत नाहीत, मध्ये लिबियाचा आग्नेय कोपरा येतो, आणि २०१४ पासून लिबियाचे आकाश कित्येक कंपन्या टाळीत आल्या आहेत. भूमितीच्या हिशेबाने हा विलंब १५ ते २५ मिनिटांचा होतो. प्रत्यक्षात नेमून दिलेल्या मार्गांमुळे तो अधिक होतो. मोठ्या विमानाला तासाला ५-६ टन इंधन लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रत्येक फेरीमागे किती खर्च वाढतो आणि जोहॅनिसबर्गच्या विरळ हवेतून ते जादा इंधन घेऊन उडताना किती माल मागे ठेवावा लागतो, याची कल्पना येते.

पर्यायी प्रवास : थेट विमान न मिळाल्यास कैरोचा प्रवासी बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबी येथे विमान बदलतो. अदिस अबाबामार्गे एकूण अंतर सु. ६,५०० किमी. म्हणजे थेट मार्गापेक्षा सु. ३०० किमी.नीच अधिक आहे. तथापि दोन वेळा चढणे-उतरणे व मधली प्रतीक्षा धरून प्रवास दहा-बारा तासांवर जातो. दुबईमार्गे गेल्यास अंतर सु. ८,८०० किमी. होते. इतका मोठा वळसा घेणारे तिकीट कधीकधी थेट तिकिटापेक्षा स्वस्त मिळते, याचे कारण आफ्रिकी देशांमधील परस्पर विमानसेवा दीर्घकाळ द्विपक्षीय करारांच्या चौकटीत जखडलेल्या राहिल्या, हे आहे. कोणत्या कंपनीने आठवड्यातून किती फेऱ्या कराव्यात, हेही या करारांत ठरविलेले असे. ही बंधने सैल करण्याचा निर्णय आफ्रिकी राष्ट्रांनी १९९९ मध्ये कोत दीव्हारमधील यामूसूक्रो येथे घेतला. अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे २८ जानेवारी २०१८ रोजी आफ्रिकी संघाने अदिस अबाबा येथे एकल आफ्रिकी हवाई वाहतूक बाजारपेठेची पुन्हा घोषणा केली. ईजिप्त व दक्षिण आफ्रिका हे दोन्ही देश तिच्यात सामील झालेले आहेत.